वाळीत पडलेला माणूस: आगरकर, आंबेडकर आणि एक अंत्ययात्रा



पत्रिकेवर आजच्या व्याख्यानाचं नाव जरा भारदस्त छापलं गेलंय: ‘विवेक, स्वातंत्र्य आणि महाराष्ट्राची जडणघडण’. या नावाला न्याय द्यायचा तर सप्ताह लावावा लागेल, आणि बदलापूरच्या मंडळींना साडेनऊच्या आत गाडी पकडायची आहे. तेव्हा मी यातलं एकच टोक धरणार आहे. आपल्या भाषेत एक जुना, थंड शब्दप्रयोग आहे: वाळीत टाकणं. युरोपातून आलेला स्वातंत्र्याचा विचार या एका रिवाजाला महाराष्ट्रात कसा भिडला, कुठे जिंकला, कुठे अडला, आणि ज्या लेखकांनी तो मराठीत आणला त्यांच्या लेखनात त्याचं काय झालं, एवढंच आज पाहू. मी साहित्याचा माणूस आहे, वकील नाही. तरी आज थोडी कायद्याची पानंही वाचणार आहे. कायदा हेही गद्यच आहे, आणि आपण समीक्षक मंडळी त्याच्या वाटेला फारसे जात नाही.

स्वातंत्र्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा सरकार येतं. फ्रेंच राज्यक्रांती, बास्तीलचा तुरुंग, राजा विरुद्ध प्रजा. शाळेत आपण असंच शिकलो. पण जॉन स्टुअर्ट मिल्लनं १८५९ साली स्वातंत्र्यावरचं आपलं छोटं पुस्तक छापलं तेव्हा त्याचा रोख नुसत्या सरकारवर नव्हता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सरकारी जुलूम निदान दिसतो. समाजाचा जुलूम दिसत नाही, त्याला शिपाई लागत नाही, तुरुंग लागत नाही, आणि म्हणूनच तो माणसाच्या रोजच्या जगण्यात जास्त खोल शिरतो. त्यातून सुटायला वाट उरत नाही.

आता लंडनमध्ये हे वाचणाऱ्या माणसाला समाजाचा जुलूम म्हणजे काय आठवत असेल? शेजाऱ्यांच्या वर गेलेल्या भुवया, क्लबात न मिळालेलं सभासदत्व. तेच वाक्य पुण्यात डेक्कन कॉलेजात बसून वाचणाऱ्या मुलाला काय आठवेल? न्हावी, धोबी, भटजी, पाणवठा, बहिणीचं लग्न, बापाचं श्राद्ध, आणि मेल्यावर खांदा द्यायला येणारे चौघे. पुस्तक तेच, पण पुण्यात ते कितीतरी जास्त धोक्याचं होतं. गोपाळ गणेश आगरकर हा त्या मुलांपैकी एक. कराडजवळच्या टेंभूचा, १८५६ चा जन्म, घरची परिस्थिती बेताची.

आगरकरांकडे वळण्याआधी इथलीच एक गोष्ट सांगतो, म्हणजे आपण हे सगळं कशासाठी वाचतोय ते लक्षात राहील.

मे २०१९. ठिकाण अंबरनाथ. कंजारभाट समाजातल्या एका कुटुंबातली आजी वारली. या घरातल्या एका तरुणानं आणि त्याच्या पत्नीनं, लग्नानंतर नव्या नवरीची जी कौमार्य चाचणी घेतली जाते तिला, उघड विरोध केला होता. त्या विरोधातून समाजातल्याच तरुण मुलामुलींचा व्हॉट्सॲपवर एक गट उभा राहिला होता, पुढे त्याची देशभर बातमी झाली. जानेवारी २०१८ मध्ये पिंपरीत एका लग्नात या गटातल्या मुलांना मारहाणही झाली होती. तर आजी वारली, आणि समाजातलं कुणी अंत्ययात्रेला आलं नाही. पोलिसांकडच्या तक्रारीत म्हटलं होतं की कुणी जायचं नाही असा पंचांचा आदेश होता, आणि त्याच वेळी जवळ एका लग्नाआधीच्या कार्यक्रमात मोठ्यानं गाणी वाजत होती. चार जणांवर गुन्हा नोंदवला गेला. कलम लागलं ते सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याचं, महाराष्ट्रानं २०१६ मध्ये केलेल्या. नावं मी घेत नाही. वर्तमानपत्रांत ती आली होती, पण आपल्या मुद्द्याला लागत नाहीत.

मला या घटनेत सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट बातम्यांमध्ये हरवली. ही मुलं समाज सोडून गेली नव्हती. त्यांना सोडायचाच नव्हता. त्यांचं म्हणणं एवढंच की आम्ही याच समाजाचे आहोत, आणि ही एक गोष्ट आम्ही करणार नाही.

हे मनात ठेवा आणि आता आगरकर वाचा.

१८८१ ते १८८७ ‘केसरी’चे संपादक, मग टिळकांशी मतभेद, आणि ऑक्टोबर १८८८ मध्ये स्वतःचं ‘सुधारक’. १८९५ मध्ये, चाळिशीही पुरी व्हायच्या आत गेले. बालविवाह, विधवांचं केशवपन, श्राद्ध, सोवळंओवळं, मुलींचं शिक्षण, अगदी बायकांनी जाकिटं घालावीत की नाही इथपर्यंत त्यांनी लिहिलं. जाकिटाच्या लेखाला आज कुणी हसेल. पण तो नीट वाचला तर पद्धत कळते: कुठलीही रूढी, कितीही क्षुल्लक असो, तिला खुर्चीवर बसवायचं आणि विचारायचं, तू इथे का आहेस? सोय म्हणून? शोभा म्हणून? आरोग्य म्हणून? की फक्त काल होतीस म्हणून? हे विचारताना समोर शंकराचार्य असोत की शिंपी, आवाज तोच. बुद्धिप्रामाण्य हा शब्द आपण आज परीक्षेच्या उत्तरात लिहितो. आगरकरांच्या गद्यात तो वाक्याच्या रचनेत उतरलेला दिसतो. प्रश्नामागून प्रश्न, लांबलचक वाक्य, मध्येच एक बोचरा टोमणा, आणि शेवटी वाचकाला पळायला जागा न ठेवणारा निष्कर्ष. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचं हे मराठी आजही वाचताना दम लागतो, पण कंटाळा येत नाही.

त्यांना याची किंमत द्यावी लागली. जिवंतपणी पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढली गेली, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. मी त्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहतो. विरोधकांनी प्रतीक अचूक निवडलं होतं. वाळीत टाकणं म्हणजे जिवंत माणसाला मेलेला ठरवणंच. काही जातींत बहिष्कृताच्या नावानं खरोखर घटस्फोट करीत, म्हणजे मडकं फोडीत. पुण्याच्या त्या टवाळखोरांनी नकळत बहिष्काराची व्याख्याच रस्त्यावर करून दाखवली.

आणि तरी, माझी तक्रार आगरकरांशीच आहे.

त्यांचा एक प्रसिद्ध लेख आहे, ‘गुलामांचे राष्ट्र’. त्यातला गुलाम कोण? रूढीचा गुलाम, सवयीचा गुलाम, विचार न करता मान डोलावणारा. या गुलामाचा मालक कोण, हे शोधायला गेलात तर नीट सापडत नाही. मालक म्हणजे आळस, अज्ञान, परंपरा. मग उपाय काय निघतो? विचार करा, धीर धरा, बोला, करा. संबोधन कुणाला? शिकलेल्या, नोकरी असलेल्या, बहुतेक करून ब्राह्मण पुरुषाला, ज्याच्याकडे धीर दाखवल्यावरही जेवायला काहीतरी उरणार आहे.

याउलट त्याआधी पंधरा वर्षं, १८७३ मध्ये, त्याच पुण्यात जोतीराव फुल्यांनी पुस्तक लिहिलं ‘गुलामगिरी’, आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सज्जनांना. फुल्यांच्या गुलामाला मालक आहे. त्याचं नाव आहे, त्याचं काम आहे, गावकीत त्याचं वतन आहे, कचेरीत त्याचा मेव्हणा आहे. फुल्यांचा वाचक थॉमस पेन, आगरकरांचा मिल्ल आणि स्पेन्सर, असं आपण ठोकळ्यानं म्हणतो. फरक तेवढाच नाही. आगरकर विचारतात, तू विचार का करत नाहीस? फुले विचारतात, तू विचार करू नयेस यात कुणाचा फायदा आहे?

बहिष्कार म्हणजे काय ते फुल्यांना पुस्तकातून कळायची गरज नव्हती. १८४९ मध्ये मुलींची शाळा चालवतात म्हणून वडिलांवर दडपण आलं आणि जोतीराव-सावित्रीबाईंना घर सोडावं लागलं. आणि त्यांनी उत्तर काढलं तेही नुसतं लेखातलं नव्हतं. सत्यशोधक समाज १८७३ च्या सप्टेंबरात निघाला, आणि त्याच डिसेंबरच्या २५ तारखेला पहिलं लग्न भटजीशिवाय लागलं. लक्षात घ्या, भटजी येणार नाही ही तर बहिष्कारातली मुख्य धमकी. फुल्यांनी तीच रद्द केली. येऊ नका, आमचं आम्ही लावतो. धमकी देणाऱ्याची गरजच संपवायची, ही युक्ती आगरकरांच्या संपूर्ण लेखनात मला दिसत नाही.

ब्राह्मण सुधारकांचं यात काय होत होतं ते पाहायचं तर १८९० चं पंचहौद प्रकरण. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, फार खट्याळ गृहस्थ, त्यांनी उपस्थितांची नावं छापून आणली. झालं, ग्रामण्य. त्या यादीत रानडे होते, टिळक होते, गोखले होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, वर्षभराहून अधिक चाललं, आणि शेवटी १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. आपले इतिहासकार इथे रानड्यांच्या धरसोडीवर बोलतात. मला वाटतं, थोडं थांबून पाहावं. हायकोर्टापर्यंत जाणारा माणूस, इंग्रज सरकार ज्याला मान देतं, तो एका कप चहाच्या कपबशीपुढे नमतो. का? मित्रांच्या घरी लग्नं-मुंजी अडल्या होत्या म्हणून, घरच्या बायकांची कुचंबणा होत होती म्हणून. रमाबाई रानड्यांच्या आठवणी याबाबतीत कुठल्याही वैचारिक निबंधापेक्षा जास्त शिकवतात. बहिष्कार पडतो पुरुषाच्या मतावर, आणि तो झेलावा लागतो स्वयंपाकघरात.

म्हणजे धीर धरा हा सल्ला रानड्यांनाही पुरला नाही. मग मजुराला काय पुरणार?

या प्रश्नाचं पहिलं नीट उत्तर, माझ्या मते, एका सरकारी कागदात आहे. साहित्य म्हणून त्याला कुणी हात लावत नाही. डॉक्टर आंबेडकरांनी एप्रिल १९२७ मध्ये पाक्षिक काढलं, त्याचं नाव ‘बहिष्कृत भारत’. हे नाव आपण इतक्यांदा ऐकलंय की त्यातला शब्द कानावर पडत नाही. पुढे मुंबई सरकारनं नेमलेल्या स्टार्ट समितीत ते सभासद होते. त्या समितीचा अहवाल १९३० चा. बहिष्कार कशासाठी घातला जातो याची जी कारणं त्यात दिली आहेत ती वाचून हसावं की रडावं कळत नाही: कुणी जानवं घातलं, कुणी जमीन विकत घेतली, कुणी बरे कपडे घातले, कुणी नवरदेव घोड्यावरून गावच्या रस्त्यानं नेला. आणि शिक्षा काय? शेतावरचं काम बंद, रस्ता बंद, वाण्याचं दुकान बंद. मारहाण नाही, रक्त नाही. कुठल्या पोलिसाकडे जाणार? कोणी काही केलेलंच नाही! सगळ्यांनी फक्त काहीतरी करायचं थांबवलंय.

इथे आंबेडकरांच्या बुद्धीची झेप दिसते. १९३० च्या गोलमेज परिषदेत त्यांनी आणि आर. श्रीनिवासन यांनी जे निवेदन दिलं, त्यात त्यांनी मागणी केली की बहिष्कार हा गुन्हा ठरवा. नुसता शब्द वापरून सोडला नाही, व्याख्या केली. घर किंवा जमीन भाड्यानं न देणं, नेहमीच्या अटींवर व्यवहार न करणं, काम न देणं, सेवा न देणं, समाजात ज्या संबंधांची रीत आहे ते तोडणं. आणि गुन्हे तीन वेगळे मांडले: बहिष्कार घालणं, बहिष्काराला चिथावणी देणं, बहिष्काराची धमकी देणं. मिल्लचा अदृश्य जुलूम इथे पहिल्यांदा दृश्य होतो. आगरकरांनी दहा लेखांत ज्याला रूढी म्हटलं, त्याचं आंबेडकरांनी क्रियापदांत भाषांतर केलं. रूढीला अटक करता येत नाही, पण ‘भाड्यानं दिलं नाही’, ‘चिथावणी दिली’, ‘धमकी दिली’ यांना कर्ता असतो. व्याकरणाची ही एक चाल मला मराठी वैचारिक परंपरेतली फार मोठी वाटते, जरी मूळ कागद इंग्रजीत असला तरी.

गंमत बघा, या कलमांचा नमुना त्यांनी घेतला होता १९२२ च्या ब्रह्मदेशातल्या बहिष्कारविरोधी कायद्यातून. तो कायदा इंग्रजांनी केला होता तो तिथल्या स्वातंत्र्यचळवळीला चेपण्यासाठी! बहिष्कार हा शब्द त्या काळात दुहेरी जगत होता. टिळकांच्या चतुःसूत्रीत तो स्वदेशीच्या शेजारी मानानं बसलेला. बलाढ्याला घातला तर शस्त्र, दुबळ्याला घातला तर फास. इंग्रजीतला बॉयकॉट हा शब्दही १८८० साली आयर्लंडच्या कुळांनी जमीनदाराच्या कारभाऱ्याला वाळीत टाकलं त्यातून आलेला, त्या कारभाऱ्याचं आडनाव ते. आंबेडकरांनी परक्या सरकारचं हत्यार उचललं आणि गावच्या पाटलाकडे वळवलं, यात त्यांना संकोच वाटला नाही. मलाही वाटत नाही.

राज्यघटनेत अस्पृश्यता गेली, सतराव्या कलमानं. बहिष्काराला मात्र स्वतःचं कलम मिळालं नाही. अस्पृश्यतेच्या संदर्भातला बहिष्कार १९५५ च्या कायद्यात आला. पण एकाच जातीतल्या, एकाच पंथातल्या माणसाला त्याच्याच लोकांनी वाळीत टाकलं तर?

त्यासाठी मुंबई प्रांतानं १९४९ मध्येच कायदा केला होता, बहिष्कृत करण्याला बंदी घालणारा, सगळ्या धर्मांना लागू. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना त्याविरुद्ध न्यायालयात गेले आणि १९६२ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतांनी तो कायदा रद्द केला. कारण असं दिलं गेलं की धार्मिक कारणावरून सभासदाला बाहेर काढणं हा पंथाच्या शिस्तीचा भाग आहे, आणि आपला धर्मविषयक कारभार पाहण्याचं स्वातंत्र्य घटनेच्या सव्विसाव्या कलमानं पंथाला दिलंय. एकटे सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा उलट बाजूला होते. त्यांना हा कायदा माणसाच्या प्रतिष्ठेचा वाटला, अस्पृश्यता संपवण्याच्या जातकुळीतला.

कायदेपंडितांनी या निकालावर पुष्कळ लिहिलंय. मी त्यातल्या एका शब्दापाशी थांबतो: स्वातंत्र्य. बहुमताच्या निकालात हा शब्द आहे, अल्पमताच्याही आहे. एकीकडे तो समूहाचा, दुसरीकडे माणसाचा. मिल्लच्या पुस्तकात हा गोंधळ नव्हता, कारण त्याच्या मते समूहाला मत असू शकतं, पण दुसऱ्याचं नुकसान होत नसेल तर त्यानं माणसाच्या आयुष्यात हात घालू नये. आपल्या घटनेनं दोघांना शेजारी बसवलं. मला हे चुकीचं वाटत नाही. का, ते सांगायला मी आता पुन्हा आपल्या गाडीमार्गावर येतो.

उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धातली लष्कराची छावणी, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं तिथल्या बराकींत राहिली, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते गावाची पायाभरणी झाली. आजही आपण कॅम्प एक, कॅम्प चार असंच म्हणतो. ज्या माणसाचं घर, गाव, राज्य सगळं एका फटक्यात गेलं, त्याला बराकीत पहिला आधार कुणाचा? आपल्या लोकांचा, पंचायतीचा. मुलीचं स्थळ, कर्ज, दुकानाचा गाळा, मयताची व्यवस्था. अशा माणसाला जाऊन समूह म्हणजे जुलूम असं सांगितलं तर तो आपल्याला चहा पाजून परत पाठवील. मिल्ल लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत पस्तीस वर्षं बसला. स्वातंत्र्याचं आपलं तत्त्व मागासलेल्या समाजांना लागू नाही, असंही त्यानं त्याच पुस्तकात लिहून ठेवलंय. म्हणजे ज्यांचा कारभार तो कागदावर चालवत होता ते आपण त्याच्या हिशेबात नव्हतोच. आगरकरांनी आपल्याला हिशेबात घेऊन ते तत्त्व वापरलं, हा त्यांचा मोठा गुण. पण समूह माणसाला काय देतो, हा प्रश्न मात्र त्यांनीही सोडून दिला.

आणि कंजारभाट समाजाची गोष्ट तर याहून अवघड आहे. १८७१ मध्ये इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. माणूस जन्मानंच गुन्हेगार, हजेरी द्यायची, परवान्याशिवाय हलायचं नाही. उत्तरेत सुरू झालेला हा कायदा पुढे वाढवत वाढवत आपल्याकडेही आला. हा कायदा झाला तेव्हा व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य कोण? जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. याच गृहस्थानं १८७३ मध्ये मिल्लच्या विरोधात आख्खं पुस्तक लिहिलं, स्वातंत्र्य, समता, बंधुता या तिन्हींना टोला हाणणारं. आणि जी स्टार्ट समिती मी मघाशी सांगितली, तिचे अध्यक्ष स्टार्ट साहेब हे मुंबई इलाख्यात याच तथाकथित गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचे अधिकारी होते. तारांच्या कुंपणात माणसं ठेवणाऱ्या खात्याचा माणूस बहिष्कारावरचा इतका सच्चा अहवाल देतो. इतिहास असा चिकट असतो.

हा कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणून या जमातींना विमुक्त म्हणतात. पण ज्यांना ऐंशी वर्षं सरकारी न्यायालय म्हणजे फक्त शिक्षा एवढंच माहीत, ते आपले तंटे कुठे नेणार? जातपंचायतीकडे. म्हणून अंबरनाथच्या त्या बातमीवर ‘आजही किती मागासलेले लोक’ अशा ज्या प्रतिक्रिया आल्या त्या मला सहन होत नाहीत. ज्या राज्यानं पंचायत सोडून दुसरा दरवाजाच ठेवला नाही, त्या राज्याची आठवण आधी यायला हवी. आणि तरीही पंचायतीनं नवरीला पांढऱ्या चादरीवर तपासावं, हे एक दिवसही सहन करण्यासारखं नाही. या दोन्ही गोष्टी एकदम म्हणता आल्या पाहिजेत. त्या मुलांना ते साधलं होतं. आपल्याकडच्या बऱ्याच स्तंभलेखकांना नाही.

२०१६ च्या कायद्याकडे येतो. त्यामागे अंधश्रद्धा निर्मूलन समितीची मोहीम आहे. डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्याच्या अखेरच्या महिन्यांत जातपंचायतींचा प्रश्न हाती घेतला होता. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला, सहकाऱ्यांनी काम पुढे नेलं. त्याच सुमाराला रायगड जिल्ह्यातून वाळीत टाकल्याच्या तक्रारींची रांग लागली होती. एव्हरेस्ट चढून आलेल्या एका गिर्यारोहकाचं कुटुंबसुद्धा त्यात होतं. विधिमंडळानं एप्रिल २०१६ मध्ये विधेयक मंजूर केलं, राष्ट्रपतींची संमती आली, आणि जुलै २०१७ पासून कायदा लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. असा कायदा करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य.

गद्य म्हणून वाचलं तर हा कायदा आंबेडकरांच्या १९३० च्या कागदाचा नातू आहे. पुन्हा क्रियापदांची यादी: रोखणं, नाकारणं, संबंध तोडणं, तोडायला लावणं. आणि त्यात एक बाब खास आपल्या आजीसाठी लिहिल्यासारखी आहे: लग्न, अंत्यविधी असे समाजातले लोक एरवी करतात ते विधी करण्याचा हक्क नाकारणं. म्हणजे आत राहण्याचा हक्क. कायद्याच्या भाषेत मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबलो. आगरकर सांगतात, पटत नसेल तर सोड. फुले सांगतात, त्यांच्याशिवाय कर. हा कायदा म्हणतो, तू इथलाच आहेस, आणि तुला इथलं असण्यापासून कुणी अडवायचं नाही.

पण अडचण तिथेच आहे. आदेश देणाऱ्या पंचाला हा कायदा पकडतो. ज्यानं आदेश ऐकला आणि जो घरी बसला, त्याचं काय? अंत्ययात्रेला न जाणं हा गुन्हा करता येत नाही, करूही नये. पोलीस फौजदारानं दम देऊन आणलेले चार खांदेकरी कुणाला हवेत? आंबेडकरांच्या काळच्या बहिष्कृताला वाण्याचं दुकान हवं होतं, शेतावरचं काम हवं होतं. ते कायद्यानं मिळवून देता येतं. या घराला हवी होती माणसं. आणि नेमक्या इथे, इतका वेळ ज्यांच्याशी भांडलो ते आगरकर मला परत लागतात. कारण घरी बसलेल्या त्या शंभर जणांपैकी एखादा उठून चपला घालतो, तो कुठल्या कलमामुळे? त्याच्या मनात कुणीतरी तो जाकिटाच्या लेखातला प्रश्न पेरलेला असावा लागतो: मी जात नाहीये, ते का? आगरकरांचा निबंध चुकीच्या माणसाला उद्देशून लिहिला गेला, असं मला वाटतं. बंडखोराला धीर द्यायला तो लिहिला. तो हवा होता खिडकीतून अंत्ययात्रा बघणाऱ्याला.

‘आम्ही शहरात राहतो, आमच्याकडे असलं काही नाही,’ असं मला बदलापुरातच एका कार्यक्रमानंतर एक गृहस्थ म्हणाले. खरं आहे, फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला वाळीत टाकायला कुणाला वेळ नाही. पण घर भाड्यानं देताना आडनाव विचारतात, मांसाहार विचारतात, एकट्या बाईला विचारतात ते तर मी इथे बोलूनही दाखवत नाही. १९३० च्या व्याख्येतलं पहिलं क्रियापद कुठलं होतं आठवा. भाड्यानं न देणं. (हशा)

१९६२ च्या निकालाचं पुढे काय झालं, हे अनेक जण विचारतात म्हणून सांगतो. नव्या कायद्यानं १९४९ चा जुना कायदा रद्द केला, तेव्हा काही जणांचं म्हणणं होतं की आता वादच उरला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये ते मानलं नाही आणि प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवला. पंथाचं स्वातंत्र्य आणि त्याच पंथातल्या माणसाची प्रतिष्ठा, यांत कुठे रेघ मारायची? सिन्हांचं एकट्याचं मत साठ वर्षांनी पुन्हा वाचलं जातंय. त्यात एक उल्लेख असा आहे की बहिष्कृत माणसाला दफनभूमीतही जागा नाकारली जाऊ शकते. ते पान मी अंबरनाथच्या बातमीचं कात्रण शेजारी ठेवून वाचलं होतं.

वेळ झाली. ज्यांना आगरकरांचे निबंध मुळातून वाचायचेत त्यांनी फार शोधू नये, बदलापुरात ग्रंथसखासारखं ग्रंथालय आहे, तिथे विचारावं. प्रश्न असतील तर दहा मिनिटं आहेत. मागच्या बाजूला माईक द्या जरा.